आकाशातली झाडलोट

कॅलिफोर्नियात योसेमिटीच्या दरीत ‘हाफ डोम’ नावाचा एक कडा आहे. मधोमध कापलेल्या घुमटासारखा. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली उडाला, त्याच्या आधी त्यावर बसवायच्या कॅमेऱ्याचा एक नमुना ट्रकवर चढवून या कड्यासमोर नेला होता. नऊशे किलोमीटर उंचीवरून खाली बघण्यासाठी बांधलेलं यंत्र जमिनीवर उभं राहून डोंगराकडे आडवं बघत होतं. चित्र सुरेख आलं. तरी शंकेखोरांच्या शंका काही फिटल्या नाहीत, कारण त्यांचा आक्षेप चित्राच्या देखणेपणावर नव्हताच. तो होता यंत्राच्या पोटात डुलणाऱ्या आरशावर.

या यंत्राचं नाव मल्टिस्पेक्ट्रल स्कॅनर, थोडक्यात एमएसएस. ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीत व्हर्जिनिया नॉरवुड यांनी ते घडवलं. आराखडा करायच्या आधी नॉरवुडबाईंनी एक साधं काम केलं. शेतीचे जाणकार, भूगर्भाचे जाणकार अशांना गाठून ‘तुम्हाला वरून नेमकं काय बघायचंय?’ असं विचारलं. उत्तरांवरून सहा रंगपट्ट्यांचा कॅमेरा हवा असं ठरलं. पण उपग्रहावरची मानाची जागा आधीच दुसऱ्याला गेली होती. आरसीए कंपनीचे आरबीव्ही नावाचे तीन टीव्ही-कॅमेरे हे त्या लग्नातले वरपक्षाचे पाहुणे, आणि एमएसएस पंगतीच्या टोकाला बसलेला. त्याच्या वाट्याला वजन आलं साधारण ४५ किलो. त्यात सहा पट्टे मावेनात, म्हणून चार झाले. उपग्रहावरच्या कॅमेऱ्याची गोष्ट सुरू होते ती अशी, काटछाटीपासून. पुढेही ती बरीचशी तशीच चालते.

आता त्या डुलणाऱ्या आरशाकडे वळू.

गावाकडे सकाळी अंगण झाडताना बाई खराटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवते आणि पाऊलभर पुढे सरकते. पुन्हा खराटा, पुन्हा पाऊल. मातीवर खराट्याच्या रेघांच्या कमानी उमटतात, एकीला लागून दुसरी. एमएसएस हेच करायचा. आरसा सेकंदाला १३.६२ वेळा डुले. एका झोक्यात १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा या कडेपासून त्या कडेपर्यंत झाडून होई. परतीच्या झोक्यात काही टिपायचं नाही. या जाण्या-येण्यात उपग्रह ४७४ मीटर पुढे गेलेला असे, आणि खराट्याची रुंदीही बरोबर तेवढीच होती. प्रत्येक रंगपट्ट्याला सहा डिटेक्टर, एकेकाच्या वाट्याला जमिनीवरचे ७९ मीटर. सहा गुणिले एकोणऐंशी, चारशे चौऱ्याहत्तर. दोन फेऱ्यांमध्ये न झाडलेली फट उरत नाही आणि तीच जागा दोनदा झाडलीही जात नाही. या पद्धतीला इंग्रजीत व्हिस्कब्रूम म्हणतात. तिकडच्या इंजिनिअरांनाही झाडूच आठवला, याची मला गंमत वाटते.

नकाशे काढणाऱ्यांना मात्र हे पटत नव्हतं. साध्या फोटोत सगळं चित्र एका क्षणात उमटतं. इथे प्रत्येक ठिपका वेगळ्या क्षणी, हलत्या आरशातून, पळत्या उपग्रहावरून घेतलेला. त्यात खाली पृथ्वीही स्वस्थ बसलेली नाही. १८५ किलोमीटर लांबीचा प्रदेश झाडायला उपग्रहाला २८ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात महाराष्ट्राच्या अक्षांशावरची जमीन जवळपास १२ किलोमीटर पूर्वेला सरकलेली असते. लँडसॅटची चित्रं चौरस नसून कलत्या समांतरभुज चौकोनासारखी दिसतात ती यामुळे. अशा ठिपक्यांच्या राशीवर नकाशा उभा करायचा?

२३ जुलै १९७२ रोजी उपग्रह उडाला. आठवड्या-दोन आठवड्यांतच विजेच्या बिघाडामुळे आरबीव्ही बंद करावे लागले. पंगतीच्या टोकाला बसलेल्या एमएसएसची चित्रं मात्र अशी काही उतरली, की उपग्रहाच्या पुढच्या साडेपाच वर्षांच्या आयुष्यात मानाच्या पाहुण्यांची कुणाला आठवणही आली नसावी. नॉरवुडबाई ‘मदर ऑफ लँडसॅट’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. २०२३ साली, ९६ वर्षांच्या असताना, त्या वारल्या.

शंका घेणारे अगदीच चुकीचे होते असंही नाही. हलणारा भाग हा कधीतरी रुसणारा भाग असतो. नंतरच्या काही लँडसॅटमध्ये परतीच्या झोक्यातही टिपायची सोय केली. त्यामुळे झाडणीची वाट नागमोडी झाली आणि ती सरळ करायला आणखी एक आरशांची जोडी बसवावी लागली. लँडसॅट-७ वरची ही जोडी ३१ मे २००३ रोजी बंद पडली. तेव्हापासून त्या उपग्रहाच्या प्रत्येक चित्रात कडेच्या बाजूंना काळ्या पाचरी दिसत राहिल्या. चित्राचा सुमारे २२ टक्के भाग गायब. बाकी सगळा कॅमेरा ठणठणीत असूनही.

पण आरशाच्या झोक्याची मोठी अडचण मोडतोडीची नाही, वेळेची आहे. एमएसएसला एका झोक्यात जमिनीवरून टिपायला मिळत जेमतेम ३३ मिलिसेकंद. तेवढ्यात १८५ किलोमीटर संपवायचे, म्हणजे ७९ मीटरच्या एका तुकड्याकडे बघायला सेकंदाचा सत्तर हजारावा भाग. तेवढ्या वेळात त्या तुकड्यावरून जो काही प्रकाश डिटेक्टरवर पडेल, त्यावरून ठरवायचं की तिथे गहू आहे की गवत.

कोकणात पावसाळ्यात पागोळ्यांखाली ओळीनं घागरी मांडलेल्या असायच्या. प्रकाश टिपणारा डिटेक्टर म्हणजे अशी एक घागर, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की या विषयातलं बरंच काही सोपं होतं. प्रकाशाचे कण म्हणजे थेंब. किती वेळ घागर पागोळीखाली होती आणि तिचं तोंड किती रुंद होतं, यावर पाणी ठरणार. थेंब थोडे असले की मोजमाप डळमळीत होतं. दोन घागरींत चार-चार थेंब जास्त-कमी पडले तर तो पावसातला फरक की निव्वळ योगायोग, हे सांगता येत नाही. भरपूर पाणी असेल तर थोडाही फरक खरा मानता येतो.

तर मग खराटा फिरवायचाच कशाला? पट्ट्याच्या सबंध रुंदीत एकाच वेळी घागरी मांडून ठेवल्या तर? रेल्वेच्या फलाटावर सफाई कामगार लांब दांड्याचा रुंद ब्रश सरळ पुढे ढकलत नेतो. डावं-उजवं काही नाही, नुसतं चालायचं. उपग्रह स्वतःच्या वेगानं चालतोच आहे. या पद्धतीला पुशब्रूम म्हणतात. कल्पना सोपी, अडलं होतं ते हजारो सारख्या घागरी एका ओळीत, केसाइतक्या अंतरावर बसवण्यापाशी. सीसीडी नावाच्या सिलिकॉनच्या चिपनं ते शक्य केलं. फ्रान्सच्या स्पॉट-१ नं १९८६ साली ही पद्धत उपग्रहावर रुजवली, आणि दोनच वर्षांनी भारताच्या आयआरएस-१ए नं.

आयआरएसच्या आधी भास्कर होता. जून १९७९ मध्ये उडालेल्या भास्कर-१ वर टीव्हीसारखे दोन कॅमेरे होते, एक किलोमीटरहून लहान काही न दिसणारे. त्यांपैकी एकाची पहिली चित्रं हाती यायला उड्डाणानंतर जवळपास वर्ष गेलं. त्याही आधी, १९७० च्या सुमारास, केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे फोटो घेण्याचा एक प्रयोग झाला. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणारी फिल्म वापरून मूळकूज झालेली झाडं वरून ओळखता येतात का, ते बघायचं होतं. ती ओळखता आली. प्रयोगामागचे शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी हे पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. हिरवं पान लाल प्रकाश गिळतं आणि अवरक्त प्रकाश भरभरून परत फेकतं. पान आजारी पडलं की डोळ्यांना ते पिवळं दिसायच्या आधीच हा हिशेब बिघडू लागतो. म्हणून पृथ्वी बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात हे दोन पट्टे हमखास असतात. अवरक्त डोळ्यांना दिसत नसल्यामुळे चित्रात त्याला लाल रंग देतात. कोल्हापूरकडचा ऊस तिथे हिरवा न दिसता भडक कुंकवासारखा दिसतो. पहिल्यांदा बघणारा दचकतोच.

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून आयआरएस-१ए उडाला. त्यावरचे लिस नावाचे कॅमेरे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये घडले होते. जॉर्ज जोसेफ हे या कामातलं मोठं नाव. या कॅमेऱ्यांचा आराखडा शाळकरी गुणाकारातून उलगडतो. सीसीडीच्या एका ओळीत २०४८ डिटेक्टर. लिस-१ मध्ये एकाच्या वाट्याला जमिनीवरचे ७२.५ मीटर, म्हणून पट्टा झाला सुमारे १४८ किलोमीटरचा. लिस-२ मध्ये दुप्पट बारकावा हवा होता, ३६.२५ मीटर. ओळीत डिटेक्टर तेवढेच, म्हणजे पट्टा निम्मा होणार, ७४ किलोमीटर. मग काय केलं? सरळ दोन कॅमेरे शेजारी-शेजारी बसवले, एक थोडा डावीकडे बघणारा, एक उजवीकडे, मध्ये तीन किलोमीटर दोघांनी मिळून बघायचे. पट्टा पुन्हा १४५ वर आला. यात विद्वत्तेपेक्षा घर चालवणाऱ्याची अक्कल जास्त आहे, आणि मला ती फार आवडते.

वेळेचं काय झालं? लिस-१ च्या डिटेक्टरला एका तुकड्याकडे बघायला ११.२ मिलिसेकंद मिळत. एमएसएसच्या आठशे पट. थेंबांची ददात मिटली. शिवाय आरसा नाही, त्याची मोटर नाही, बेअरिंग नाही.

पण आता घागरी दोन हजार झाल्या, आणि दोन हजार घागरी सारख्या कोण घडवणार? एखादीचं तोंड किंचित अरुंद, एखादीला बारीक गळती, एखादीच्या तळाशी आधीचंच थोडं पाणी. फलाटावरच्या ब्रशचा एक दात वाकडा असला की सबंध फलाटभर एक रेघ राहते. उपग्रहाच्या चित्रातही तसंच होतं: एक डिटेक्टर बाकीच्यांपेक्षा अर्धा टक्का जास्त बोलका निघाला, की त्याच्या खालून गेलेल्या सगळ्या शेतांवरून, गावांवरून एक उजळ रेघ ओढली जाते. एमएसएसच्या चित्रांत हा रोग दर सहाव्या ओळीला दिसायचा, कारण घागरी सहाच. पुशब्रूममध्ये तो उभ्या रेघांचा होतो.

यावरचा उपाय बघण्यासारखा असतो. कारखान्यात एक मोठा पोकळ गोळा असतो, आतून पांढराशुभ्र. त्यात दिवे लावतात. प्रकाश आतल्या आत इतक्या वेळा आपटतो की गोळ्याच्या तोंडातून बाहेर पडताना तो सगळीकडे सारखा झालेला असतो. कॅमेरा त्या तोंडाशी लावून उजेड कमी-जास्त करत प्रत्येक डिटेक्टर काय सांगतो ते लिहून ठेवतात. म्हणजे कोणती घागर किती खोटं बोलते त्याची वही. पुढे उपग्रहाकडून आलेल्या प्रत्येक आकड्यातून ते खोटं वजा केलं जातं. पण वर गेल्यावर वर्षागणिक डिटेक्टर म्हातारे होतात आणि वही जुनी पडते. म्हणून काही कॅमेऱ्यांत आतच छोटे दिवे ठेवतात. लँडसॅट-८ महिन्यातून एकदा पाठ फिरवून चंद्राकडे बघतो. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, शेती नाही. त्याच्याइतका भरवशाचा दिवा कुठे मिळणार? भारतीय उपग्रहांसाठी कच्छच्या रणाचाही असा उपयोग होतो. पांढरंसपाट, मैलोन्‌मैल एकसारखं रण.

आयआरएसमध्ये आणखी एक निवड केलेली होती. प्रत्येक रंगपट्ट्यासाठी स्वतंत्र भिंग, म्हणजे एका कॅमेऱ्यात चार छोटे कॅमेरे. एकाच भिंगातून आलेला प्रकाश आत फोडण्यापेक्षा हे सोपं. पण चारही डोळ्यांनी नेमक्या त्याच जागेकडे बघायला हवं, चूक एका ठिपक्याच्या फार तर चौथाईची. एका भिंगाची नळी उन्हानं किंचित जास्त तापली की नजर फिरलीच. आता युरोपच्या सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहांत एकच दुर्बीण असते, पण वेगवेगळ्या रंगांच्या ओळी पुढे-मागे बसवलेल्या असतात. एक रंग आधी बघतो, दुसरा क्षणभरानं. शेतं स्थिर असतात, त्यांचं काही बिघडत नाही. विमानं मात्र पकडली जातात. मोफत मिळणाऱ्या या चित्रांत मुंबईच्या आसपास नीट शोधलं तर एकाच विमानाची निळी, हिरवी, लाल अशी ओळीत उडणारी पिल्लं सापडतात.

इथवर आलं की कुणीतरी विचारतंच, मग ठिपका अजून लहान का नाही करत? तीस मीटर कशाला, तीस सेंटिमीटर करा!

करतात; पण त्याची किंमत कशी चढते ते बघा. आरसा तोच ठेवून ठिपक्याची बाजू निम्मी केली, तर जमिनीचा तुकडा क्षेत्रफळानं चौथाई होतो. म्हणजे प्रकाश चौथाई. शिवाय उपग्रह सेकंदाला साडेसहा-सात किलोमीटरनं जमिनीवरून पळतोय, त्यामुळे तो तुकडा नजरेखाली राहण्याचा वेळही निम्मा. एकूण प्रकाश आठव्या हिश्शावर. लिस-२ च्या ३६ मीटरवरून एका मीटरवर यायचं, तर तोच कॅमेरा एका घागरीत चाळीस हजारांहून जास्त पटींनी कमी पाणी जमवेल. ५०० किलोमीटरवरून बघताना एका मीटरच्या तुकड्यासाठी मिळतो सेकंदाचा सात हजारावा भाग, म्हणजे आपण पुन्हा एमएसएसच्या ओढाताणीकडे निघालो.

यातून सुटायच्या वाटा तीन-चार आहेत आणि सगळ्या एकदम वापरतात. पहिली, रंग सोडा. निळा, हिरवा, लाल वेगळे न मोजता सगळे एकाच घागरीत पडू द्या. १९९५ च्या आयआरएस-१सी चा पॅन कॅमेरा ५.८ मीटरपर्यंत पोचला तो असा, कृष्णधवल राहून. १९९९ पर्यंत, म्हणजे अमेरिकेचा एक मीटरचा आयकोनॉस येईपर्यंत, बिगरलष्करी कॅमेऱ्यांत त्याच्यापेक्षा बारीक बघणारा कुणी नव्हता.

दुसरी वाट मान वळवण्याची. गाडी फलाट सोडताना आपण निरोप द्यायला आलेल्याकडे बघत राहतो. गाडी पुढे जाते, मान मागे वळत जाते, आणि तो माणूस तेवढा जास्त वेळ नजरेत राहतो. २००१ साली इस्रोनं टीईएस नावाच्या उपग्रहाला हीच युक्ती शिकवली. अख्खा उपग्रह हळूहळू मागे वळवत जमिनीचा वेग जणू कमी करायचा. मोबदल्यात त्या वाटेवरची पुढची गावं बघायची राहून जातात.

तिसरी वाट मला सगळ्यांत चतुर वाटते. डिटेक्टरची एकच ओळ न ठेवता एकामागे एक अशा कित्येक ओळी ठेवायच्या. ढग सरकत चालला आहे आणि घागर एका जागी बसवलेली आहे, तर पाणी थोडंच मिळणार. पण माणसं रांगेत उभी करून ढग जसा पुढे जाईल तशी तीच घागर पुढच्या हातात देत गेलं, तर घागर सतत ढगाखालीच राहील. चिपच्या आत विजेचा साठा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत अशाच चालीनं पुढे दिला जातो, प्रतिमेच्या सरकण्याशी पाऊल जुळवून. पाऊल जरा चुकलं, उपग्रह किंचित थरथरला, की शेजारच्या शेताचं पाणी आपल्या घागरीत. म्हणून अशा उपग्रहांना कमालीचं स्थिर राहावं लागतं.

आणि चौथी म्हणजे मोठा आरसा. तिला पर्याय नाही, कारण नुसत्या प्रकाशाचाच प्रश्न नाही. प्रकाश लाटेसारखा वागतो आणि लहान आरशातून बिंदू कधीच बिंदू दिसत नाही, त्याचा छोटा फुगीर डाग होतो. ५०० किलोमीटरवरून एक मीटर अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसायला निदान ३४ सेंटिमीटर व्यासाचा आरसा लागतो. पाव मीटरसाठी तो सव्वा मीटरच्याही पुढे जातो. ‘उपग्रहातून खालचं वर्तमानपत्र वाचता येतं’ असं दर गप्पांत कुणीतरी छातीठोकपणे सांगतो. छापील अक्षर दोन मिलिमीटरचं धरलं, तर त्याच हिशेबानं आरसा येतो १६८ मीटर व्यासाचा. एवढा आरसा घेऊन कोणतं रॉकेट उडणार, ते सांगणाऱ्यालाच विचारावं.

सव्वा मीटरचा आरसाही काही लहान गोष्ट नाही. त्याची काच तापमान बदललं तरी जवळजवळ न प्रसरणारी हवी. वजन कमी करायला ती मागून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोखरतात. पॉलिश केलेला पृष्ठभाग प्रकाशाच्या लाटेच्या छोट्या अंशाइतका अचूक हवा. पण तो जमिनीवर घासताना स्वतःच्या वजनानं किंचित वाकलेला असतो. कक्षेत वजनच उरत नाही, आरसा सैल होऊन आपला आकार बदलतो. म्हणजे इथे घडवताना तिथला आकार डोळ्यांसमोर ठेवायचा. भिंगांचंही तसंच. हवेत जुळवलेला फोकस निर्वात जागेत हलतो. कार्बन धाग्याचा सांगाडा इथल्या हवेतला ओलावा शोषून बसलेला असतो. वर गेल्यावर तो ओलावा उडून जातो आणि सांगाडा आकसतो, केसाच्या जाडीहूनही कमी, पण फोकस बिघडवायला पुरेसा. गोंद, रंग, तारांची वेष्टणं यांच्यातून सुटणारी वाफ आरशावर जाऊन बसते. आपल्या चष्म्यावर वाफ धरली तर पुसता येते. तिथे फडकं घेऊन कोण जाणार?

एवढं करून हाती येतो बारीक ठिपका आणि अरुंद पट्टा. म्हणून शहाणे आराखडे एकाच कॅमेऱ्याकडून सगळं मागत नाहीत. २००३ च्या रिसोर्ससॅट-१ वर तीन कॅमेरे होते. लिस-४, ५.८ मीटरचा, रंगीत चित्रासाठी पट्टा साडेतेवीस किलोमीटरचा. लिस-३, साडेतेवीस मीटरचा, पट्टा १४१ किलोमीटर, तीच जागा २४ दिवसांनी. आणि ॲविफ्स, ५६ मीटरचा जाडाभरडा, पण ७४० किलोमीटर रुंद बघणारा आणि पाच दिवसांनी परतणारा. बांध मोजायचा असेल तर पहिला. विदर्भात कापसाची वाढ कशी चालली आहे हे विचारायचं असेल, तर पहिल्याचं सौंदर्य कामाचं नाही, तिसऱ्याचा जाडेपणाच उपयोगी.

समुद्र बघणारा कॅमेरा तर वेगळ्याच घराण्यातला. पाणी जवळजवळ काळं असतं. वर पोचणाऱ्या प्रकाशातला बहुतेक भाग मधल्या हवेनंच विखुरलेला, पाण्यातून आलेला अगदी थोडा. त्या थोड्यातला हिरव्या-निळ्याचा फरक मोजून शैवाल किती आहे ते ठरवायचं. त्यामुळे १९९९ च्या ओशनसॅट-१ वरच्या कॅमेऱ्यानं ठिपका मुद्दाम ३६० मीटरचा ठेवला, पण रंगपट्टे अरुंद आणि आठ. पट्टा १४२० किलोमीटरचा. शिवाय अख्खा कॅमेरा पुढे किंवा मागे २० अंश कलवायची सोय. कारण आपल्याला किनाऱ्यावर बसल्यावर माहीत असतं: उतरत्या दुपारी समुद्राकडे सूर्याच्या बाजूला बघितलं तर नुसती चकाकी दिसते, पाणी दिसत नाही. मान जरा वळवली की दिसतं. अशा उपग्रहांनी टिपलेला पाण्याचा रंग आणि तापमान जोडून हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासे कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते, रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंतच्या मच्छीमारांनासुद्धा.

ढगांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. जून ते सप्टेंबर, नेमकं खरिपाच्या वेळी, वरचे सगळे डोळे ढगांच्या पाठी बघत बसतात. तिथे रडार लागतं, स्वतःच लाटा सोडून त्यांचा प्रतिध्वनी ऐकणारं. २०१२ चा रिसॅट-१ त्यासाठीच होता, आणि जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा नासा आणि इस्रोचा उपग्रह बारा मीटर व्यासाची छत्री उघडून हेच काम करतो. पण रडार हा डोळा नव्हे, कान आहे. त्याचं शास्त्र पुढच्या प्रकरणात.

जाता जाता बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. तिथलं सरोवर साधारण बाराशे मीटर रुंद आहे. भास्करच्या कॅमेऱ्याला ते एका ठिपक्यात संपलं असतं. एमएसएसला पंधरा ठिपके, लँडसॅट-८ ला चाळीस. हा लँडसॅट-८ खराट्याचा नव्हे, पुढे ढकलायच्या ब्रशचा: प्रत्येक पट्ट्यात सुमारे सात हजार डिटेक्टर, आणि उजेड-अंधाराच्या चार हजार पायऱ्या मोजणारा. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, फोटो देशभर फिरले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे कारण सांगितलं. नासानं लँडसॅट-८ ची दोन चित्रं शेजारी ठेवून प्रसिद्ध केली. पहिलं २५ मेचं, हिरवट. दुसरं १० जूनचं, गुलाबी. दोन्हींतलं अंतर बरोबर १६ दिवस, कारण हा उपग्रह त्याच वाटेनं फिरून यायला बरोबर १६ दिवस घेतो. दोन्ही वेळा तीच सकाळची वेळ, वरून बघण्याचा तोच कोन, चंद्राशी ताडून घेतलेले तेच डिटेक्टर. म्हणून तो रंगातला फरक पाण्याचाच, यंत्राचा नव्हे, असं ठामपणे म्हणता येतं. मधल्या दिवसांत पाणी कधी पालटलं, आधी कोणत्या काठाला, एका रात्रीत की हळूहळू, यातलं या दोन चित्रांत काही नाही. त्या दिवसांत तो दुसरीकडचं अंगण झाडत होता.